बैलाचे पाय कोणी बसवले? कोल्हापुरातील एका प्राथमिक शाळेतील मातीकामाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण कोल्हापूरच्या जुन्या पेठांपैकी एका पेठेतील मराठी माध्यमाच्या अनुदानित प्राथमिक शाळेचे आहे. शाळेचे, शिक्षकांचे आणि मुलांचे नाव कोठेही दिलेले नाही व ओळख पटू नये म्हणून काही बारीकसारीक तपशील बदललेले आहेत. घटनाक्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे. मी त्या वेळी तिसरीची वर्गशिक्षिका होते, त्यामुळे जे निर्णय पुढे चुकले असे लिहिले आहे त्यांतले निम्मे माझेही आहेत.

शाळेत पहिली ते चौथीची मिळून 112 मुले आणि मुख्याध्यापिकेसह चार शिक्षक. मुलांमध्ये पेठेतल्या जुन्या वाड्यांतली, गवळी गल्लीतली, भाजीच्या गाड्यावर बसणाऱ्यांची आणि विजापूर भागातून बांधकामावर आलेल्या कुटुंबांतली अशी सरमिसळ आहे. काही घरांत कन्नड बोलतात, काही घरांत उर्दूमिश्रित हिंदी, आणि मधल्या सुट्टीत सगळी मुले कोल्हापुरी बोलतात. कलेसाठी स्वतंत्र शिक्षक आमच्याकडे नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात कला शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे, पण ती सहावी ते आठवीसाठी आणि तीही शंभरावर पटसंख्या असलेल्या शाळांसाठी. खालच्या वर्गांत कलेचा तास वर्गशिक्षकाच्याच हाती असतो आणि परीक्षा जवळ आली की तो पाढ्यांच्या किंवा शुद्धलेखनाच्या पदरात पडतो. आबालाल रहमान आणि बाबूराव पेंटर यांचे नाव घेऊन स्वतःला कलापूर म्हणवणाऱ्या गावात हे घडते याची लाज वाटावी, पण वेळापत्रक हाती घेतले की लाज मागे पडते, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे.

सणसमारंभांना मात्र तोटा नसतो. जूनच्या मध्याला शाळा उघडते आणि दहा-बारा दिवसांत 26 जूनची शाहू जयंती येते. तिच्यापाठोपाठ आषाढीची दिंडी, मग बेंदूर, स्वातंत्र्यदिन, गणपती, नवरात्रातला हादगा, दिवाळीचे किल्ले आणि शेवटी जानेवारीतले स्नेहसंमेलन. यांपैकी बहुतेक प्रसंगी फलक शिक्षक रंगवतात, पताका शिक्षक लावतात, पालखी शिक्षक सजवतात आणि मुले पोशाख घालून ओळीत उभी राहतात. छायाचित्र सुरेख येते.

या प्रकरणात ज्या सणाचा संबंध आहे तो बेंदूर. मराठवाड्यात आणि विदर्भात श्रावण अमावास्येला पोळा असतो, तसा आमच्या भागात आषाढ पौर्णिमेच्या सुमारास बेंदूर असतो. सीमाभागाकडच्या गावांत त्याच्या महिनाभर आधी, ज्येष्ठ पौर्णिमेला, कर्नाटकी बेंदूर होतो. ज्यांच्या दारात जनावर नाही अशा शहरातल्या घरांत कुंभाराकडून मातीची बैलजोडी आणून तिला हळदकुंकू आणि पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतात. गंगावेश, पापाची तिकटी, शाहूपुरी, बापट कॅम्प या कुंभारवस्त्यांतून आलेल्या जोड्या त्या आठवड्यात बाजारात मांडलेल्या दिसतात.

अडचण कशी निर्माण झाली

शाळा व्यवस्थापन समितीच्या जूनमधल्या बैठकीत एका पालक सदस्याने सुचवले की यंदा बैल विकत आणण्याऐवजी मुलांनीच करावेत. सूचना सर्वांना आवडली. त्याच बैठकीत, बहुधा त्याच उत्साहात, आणखी तीन गोष्टी ठरल्या: बेंदराच्या दिवशीच प्रदर्शन भरवायचे, केंद्रप्रमुखांना (परिसरातल्या शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांना) आणि पालकांना बोलवायचे, आणि उत्तम तीन बैलांना बक्षिसे द्यायची. मातीला अजून हात लागला नव्हता, त्याआधी पाहुणे ठरले होते. तेव्हा कोणालाही त्यात काही वावगे वाटले नाही, मलाही नाही.

पालकांपैकी एकाच्या ओळखीने कुंभाराकडून तीन पोती मळलेली माती आली. बेंदराला सहा दिवस उरले होते. सोमवारी प्रत्येक मुलाला दोन मुठी माती दिली, फळ्यावर बैलाचे चित्र काढले आणि कामाला लावले. तासाभरात 112 जनावरे बाकांवर उभी राहिली, किंवा खरे तर आडवी झाली, कारण बऱ्याच बैलांचे पाय पोटाच्या भाराने फाकले होते, माना खाली गेल्या होत्या आणि काहींची शिंगे कानांसारखी लोंबत होती. प्रत्येक मुलाने पोटाखाली काडीने आपले नाव कोरले होते.

त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळी आम्ही चौघे शाळेत थांबलो. आम्ही एकेक बैल उचलून त्याची मान सरळ केली, वशिंड नीट बसवले, शिंगांना बाक दिला आणि फाकलेले पाय काढून टाकून खराट्याच्या काड्या आत घालून नवे पाय बसवले. चहा मागवला, गप्पा मारल्या आणि काम मनापासून केले. आम्हांला ती मदतच वाटत होती. केंद्रप्रमुखांसमोर मुलांची शोभा होऊ नये एवढाच हेतू होता. 68 बैलांना काड्या लागल्या, हे मी मोजल्यामुळे लक्षात आहे, कारण खराटा माझ्या वर्गातला होता.

बुधवारी सकाळी माझ्या वर्गातली एक मुलगी मांडणीपाशी उभी राहिली. वर्गात ती क्वचितच बोलायची. तिने एक बैल उचलला, उलटा करून पोटावरचे नाव वाचले, परत ठेवला आणि म्हणाली, “बाई, ह्यो माजा न्हवं.” मी नाव दाखवले. तिने पुन्हा मान हलवली. “माजा बसलाला हुता. रवंथ करत हुता.” तेव्हा मला सोमवारचा तो बैल आठवला. पाय पोटाखाली दुमडलेले, मान एका बाजूला वळवलेली. माती ढासळली असे समजून मी त्याला चार काड्या घालून उभे केले होते. ती मुलगी आजोळी कागल तालुक्यात जाऊन येत असे आणि दुपारच्या वेळी गोठ्यात बसलेले जनावर कसे दिसते हे तिला माझ्यापेक्षा नक्कीच चांगले ठाऊक होते.

चौथीच्या वर्गात त्याच दिवशी दुसरा प्रकार झाला. गवळी गल्लीतल्या एका मुलाच्या जनावराची शिंगे त्याच्या वर्गशिक्षकांनी वर वळवून बैलासारखी केली होती. मुलाने ती पुन्हा मागे, खांद्यापर्यंत ओढली आणि सरांनी विचारल्यावर शांतपणे सांगितले, “आमच्यात बैल न्हाईत सर, म्हशी हाईत.” पंढरपुरी जातीच्या म्हशीची शिंगे तलवारीसारखी लांब आणि मागे खांद्यापर्यंत गेलेली असतात, ज्या गावात गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायला माणसे उभी असतात आणि दिवाळीच्या पाडव्याला गवळी लोक म्हशी सजवून मिरवतात, त्या गावातल्या शिक्षकाला ती ओळखू येऊ नयेत ही गंमतच म्हणायची. सरांची अडचणही खरी होती: बेंदराच्या प्रदर्शनात म्हैस ठेवायची का, आणि ठेवली तर बक्षिसासाठी धरायची का?

गुरुवारी काड्या घातलेल्या बैलांचे पाय तडकू लागले. दुपारपर्यंत 68 पैकी 41 बैलांचा निदान एक पाय निखळला होता. ज्यांना आम्ही हात लावला नव्हता अशा 44 जनावरांपैकी फक्त पाचांना तडा गेला होता. याच सुमारास एका मुलाच्या आईने डायरीत चिठ्ठी पाठवली की शाळेत बैलाची पूजा होणार असल्यास आमच्या मुलाला तीत बसवू नये, बाकी सर्व कामात त्याला घ्यावे. चिठ्ठी सौजन्याने लिहिलेली होती, पण तिचे उत्तर काय द्यायचे हे आमच्यापैकी कोणीच आधी ठरवलेले नव्हते.

समोर असलेले पर्याय

गुरुवारी पोषण आहाराची पंगत उठल्यावर मुख्याध्यापिकांनी आम्हांला बसवून घेतले. पहिला पर्याय सर्वांत सोपा होता: कुंभारवाड्यातून पंधरा-वीस तयार जोड्या आणायच्या, मुलांकडून त्या रंगवून घ्यायच्या आणि ठरल्याप्रमाणे शनिवारी प्रदर्शन उरकायचे. खर्च परवडणारा होता आणि पाहुण्यांना फरकही कळला नसता. चौथीच्या सरांचा कल याकडे होता, आणि त्यांचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते. रोजंदारी बुडवून येणाऱ्या पालकांना ऐन वेळी येऊ नका असे सांगणे बरे नव्हे, असे ते म्हणत होते.

दुसरा पर्याय प्रदर्शन रद्द करण्याचा. तो फार वेळ टिकला नाही. तिसरा, मोडके बैल तसेच मांडण्याचा, मी सुचवला होता. पण मुख्याध्यापिकांनी एक प्रश्न विचारला आणि मी गप्प झाले: मोडलेले पाय आपण बसवलेले आहेत, मग लोकांसमोर मोडके काम कोणाच्या नावावर मांडायचे? पोटाखाली तर मुलांची नावे होती.

चौथा पर्याय बेंदूर आणि प्रदर्शन यांची फारकत करण्याचा होता. सण त्याच्या दिवशी साजरा करायचा, मातीकाम मातीला लागेल तेवढा वेळ चालू द्यायचे आणि प्रदर्शन पुढच्या महिन्यातल्या एखाद्या शनिवारी ठेवायचे. याला हरकत अशी होती की बेंदूर होऊन गेल्यावर बैल कोण बघायला येणार? गणपती आल्यावर कोणी दिवाळीचा आकाशकंदील लावीत नाही, असे पहिलीच्या बाई म्हणाल्या.

पूजेच्या प्रश्नावर चर्चा लांबली. आमच्यापैकी काहींना पूजा वगळणे म्हणजे सणाचा प्राण काढून घेणे वाटत होते. कोल्हापुरात काही तालमींत गणपती आणि मोहरमचे पंजे शेजारीशेजारी बसतात. 2018 ते 2020 अशी सलग तीन वर्षे दोन्ही एकाच सुमाराला आले तेव्हाही बसले होते. मग एका मातीच्या बैलाला हळदकुंकू लावल्याने काय बिघडते, असा मुद्दा निघाला. मला वाटते येथे एक फरक आमच्या नजरेतून निसटत होता. तालमीत माणूस आपल्या मनाने जातो, शाळेत मूल हजेरीपटावर असते. संविधानाच्या अनुच्छेद 28 नुसार राज्याच्या निधीतून मदत घेणाऱ्या शैक्षणिक संस्थेत कोणालाही त्याच्या संमतीशिवाय, आणि तो अल्पवयीन असल्यास पालकाच्या संमतीशिवाय, धार्मिक उपासनेला हजर राहायला लावता येत नाही. आमची शाळा अनुदानित असल्यामुळे हे आम्हांला लागू होते. पण कायद्याचे सोडा. एका मुलाला पूजेपुरते वर्गाबाहेर बसवायचे आणि नंतर प्रसादाला आत बोलवायचे, हे चित्र डोळ्यांसमोर आणल्यावर चर्चा आपोआप संपली.

काय केले

चौथा पर्याय स्वीकारला. केंद्रप्रमुखांना मुख्याध्यापिकांनी स्वतः फोन करून खरे कारण सांगितले, पालकांना चिठ्ठ्या गेल्या, आणि बक्षिसे रद्द झाली. बक्षिसे रद्द करण्यावर सर्वांत कमी वाद झाला, कारण म्हशीला गुण कसे द्यायचे हे कोणालाच ठरवता येत नव्हते.

शुक्रवारी आम्ही आपापल्या वर्गात मुलांना सांगितले की तुमच्या बैलांना आम्ही विचारल्याशिवाय हात लावला आणि त्यामुळे ते मोडले. हे वाक्य मुलांसमोर उच्चारणे मला वाटले होते त्यापेक्षा अवघड गेले. मुलांनी ते सहज घेतले. एकाने विचारले, “मग आता तुमाला कोण रागावणार?”

माती देणाऱ्या कुंभारमामांना शाळेत बोलावले. गणपतीच्या मूर्तींची घाई सुरू होण्याचा तो काळ, तरी ते तासभर आले. 2019 आणि 2021 च्या पुरांत कुंभारवस्त्यांतल्या मूर्तींची माती कशी झाली हे त्यांनी येता येता सांगितले, मग मोडका बैल हातात घेतला, पायातली काडी बोटाने वर सरकवली आणि हसून म्हणाले, “काडी घालू नगा. माती आवळती, काडी आवळत न्हाई. मग माती फाटणारच की.” ओली माती वाळताना आक्रसते, आत न आक्रसणारी वस्तू असली तर मातीला तिच्याभोवती तडकण्यावाचून गत्यंतर नसते. मुलांनी केलेले आखूड, जाडजूड, ओबडधोबड पाय टिकले होते ते याच कारणाने.

मग त्यांनी एक गोळा घेऊन दाखवले की पाय वेगळे करून चिकटवायचे नसतात, अंगाच्या गोळ्यातूनच चिमटीने ओढून काढायचे असतात. चिकटवावेच लागले तर दोन्ही बाजू खरवडून मध्ये पातळ कालवलेली माती भरायची. पोट भरीव ठेवले तर बाहेरून वाळते आणि आतून ओले राहते, म्हणून खालून अंगठ्याने पोकळ करायचे. पंख्याखाली वाळवायचे नाही, सावलीत पोत्यावर ठेवून रोज कूस बदलायची. आणि मोडलेला वाळका पाय ओल्या मातीने पुन्हा जोडता येत नाही, कारण वाळका भाग आक्रसून झालेला असतो. पण भट्टीत न गेलेली माती वाया जात नाही. ती पूर्ण खडखडीत वाळू द्यायची आणि मग पाण्यात टाकायची, म्हणजे आपोआप विरघळते. अर्धवट ओली टाकली तर गाठी राहतात. शेवटची गोष्ट मुलांना जादूसारखी वाटली आणि पुढचे दोन दिवस पिंपाभोवती गर्दी होती.

प्रत्येक मुलाला दोन वाटा दिल्या: जुने जनावर आहे तसे ठेवा, किंवा पिंपात टाकून नवे करा. 23 मुलांनी मोडके बैल तसेच ठेवले आणि घरी नेले. बाकीच्यांनी पुढच्या तीन आठवड्यांत कलेच्या चार तासांत नवे काम केले. या काळात आम्ही शिक्षकांनी स्वतःसाठी एक नियम केला की मुलाच्या मातीला हात लावायचा नाही. दाखवायचे असेल तर आपला वेगळा गोळा घ्यायचा. तो नियम पाळताना माझे हात अक्षरशः शिवशिवत, विशेषतः पहिल्या दोन तासांत. आषाढाच्या दमट हवेत एकेक थर वाळायला आठ दिवस लागत होते आणि व्हरांड्यात पावसाची झड येत असल्यामुळे सारी जनावरे मुख्याध्यापिकांच्या खोलीत बाकांवर मांडली होती. त्या महिन्यात त्यांना भेटायला येणाऱ्यांना बसायला खुर्ची मिळत नसे.

रंगासाठी गेरू, खडूची पूड आणि डिंकाचे पाणी वापरले. बैलाच्या शिंगांना हिंगूळ लावायची पद्धत आहे आणि दोन-तीन मुलांनी तो घरून आणण्याची तयारी दाखवली, पण हिंगूळ हे पाऱ्याचे संयुग असल्यामुळे तो लहान मुलांच्या हातात दिला नाही. गेरू दाट कालवला की शिंगे पुरेशी लाल दिसतात.

बेंदराचा दिवस वेगळ्या रीतीने साजरा झाला. पूजा ठेवली नाही. ज्यांच्या घरी होती त्यांनी ती घरी केली. मुलांना आदल्या दिवशी घरातल्या मोठ्या माणसांकडून बैलाच्या साजातला एकेक शब्द विचारून यायला सांगितले होते. फळा भरून गेला: झूल, गोंडे, घुंगरमाळ, शेंब्या, म्होरकी, वेसण, कासरा, बाशिंग. एका मुलाचे पणजोबा करवीर तालुक्यातल्या आपल्या गावाहून जुनी झूल घेऊन आले आणि त्यांनी वेशीवर आडवी बांधलेली कर, म्हणजे दोरी, बैल कसा तोडून नेत असे ते उभे राहून सांगितले. त्यावर विजापूरकडची एक मुलगी म्हणाली की आमच्याकडे याला कारहुणवी म्हणतात आणि तो सण होऊनही गेला. लातूरकडून आलेल्या एका मुलाने आमचा पोळा अजून यायचा आहे असे सांगितले, तेव्हा एकाच जनावराचा सण तीन वेळा कसा, यावर वर्गात बराच वेळ वाद रंगला. चिठ्ठी पाठवणाऱ्या आईचा मुलगा शब्द घेऊन आला होता: चाबूक. त्याचे आजोबा पूर्वी टांगा चालवत असत.

निष्पत्ती

प्रदर्शन श्रावणातल्या एका शनिवारी सकाळी झाले. व्यासपीठ नव्हते, भाषण नव्हते. प्रत्येक मूल आपल्या जनावराजवळ बसले होते आणि येणाऱ्याने त्याला काय विचारायचे ते विचारायचे होते. बैल बहुसंख्य होते, सहा म्हशी होत्या, एक कुत्रा होता आणि एका मुलाने जनावर सोडून फक्त गाडीचे चाक केले होते. माझ्या वर्गातल्या त्या मुलीने बैल पुन्हा बसलेलाच केला, पण पहिल्यापेक्षा लहान. तो पहिल्यासारखा नव्हता असे तिने मला सांगितले, आणि तिचे म्हणणे खरे होते. पहिल्या बैलाच्या मानेला जो वळसा होता तो दुसऱ्यात आला नाही. ते नुकसान भरून निघाले असे मी म्हणणार नाही.

पालकांच्या प्रतिक्रिया मिश्र होत्या. बऱ्याच आया मुलांशेजारी मांडी घालून बसल्या. एका वडिलांनी मात्र स्पष्ट सांगितले की बाजारात चाळीस-पन्नास रुपयांना याहून देखणा बैल मिळतो आणि शाळेने महिनाभर याच्यात घालवायला नको होता. त्यांना समाधानकारक उत्तर देता आले नाही. केंद्रप्रमुख म्हशींपाशी बराच वेळ थांबले आणि गवळ्याच्या मुलाकडून दुधाचा भाव, पेंडेचा भाव आणि म्हशीची नावे ऐकून गेले.

आमच्या दृष्टीने सर्वांत ठोस बदल नोंदवहीत झाला. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात कला विषयाच्या वर्णनात्मक नोंदी ठेवाव्या लागतात आणि त्या आम्ही वर्षानुवर्षे ठरावीक वाक्यांनी भरत आलो आहोत. त्या मुलीच्या पानावर मी मागच्या सत्रात “कलेत विशेष रस नाही, प्रोत्साहनाची गरज” असे लिहिले होते. या सत्रात “बसलेल्या जनावराचे पाय पोटाखाली कसे दुमडतात हे बारकाईने पाहिले आहे” असे लिहिले. पहिली नोंद मी तिचे काम न बघता केली होती.

पुढे नवरात्रात हादग्याचा हत्ती फळ्यावर चौथीच्या मुलींनी काढला, शिक्षकांनी नाही, आणि त्याची सोंड फळ्याबाहेर भिंतीवर गेली. जानेवारीच्या स्नेहसंमेलनात मात्र आम्ही जुन्याच वाटेने गेलो: भाड्याचे पोशाख, बाहेरून आणलेला नृत्यशिक्षक आणि मागच्या रांगेत उभी केलेली बुजरी मुले. एका सणात जे जमले ते दुसऱ्या समारंभात आपसूक उतरत नाही.

काय वेगळे करता आले असते

सुरुवातीला आम्ही सारा दोष काड्यांवर टाकत होतो. परंतु काड्या घातल्या गेल्या त्या पाहुणे शनिवारी येणार होते म्हणून. माती हातात येण्याआधी तारीख, पाहुणे आणि बक्षिसे ठरली तेथेच मुलांचे काम आमचे झाले होते. मातीकाम जूनच्या शेवटच्या आठवड्यातच सुरू करून बेंदरापर्यंत निदान तीन तास दिले असते तर कदाचित दोन्ही एकाच दिवशी साधले असते. पण शाळा उघडल्यानंतरच्या प्रवेश, पाठ्यपुस्तके आणि गणवेश यांच्या गडबडीत ते कितपत शक्य होते याबद्दल मला शंका आहे. कुंभारमामांना आधी बोलवायला हवे होते, यात शंका नाही. गणपतीच्या घाईमुळे जुलैत त्यांना वेळ काढणे अवघड जाते, म्हणून आता मे महिन्यातच विचारून ठेवतो आणि त्यांच्या वेळेचे पैसेही देतो. पहिल्या वर्षी आम्ही नारळ आणि टॉवेल देऊन भागवले होते.

हात न लावण्याचा नियमही जसा केला तसा बरोबर नव्हता. दुसरीतल्या एका मुलाच्या उजव्या हातात जन्मापासून ताकद कमी आहे. पहिल्या दोन तासांत तो कोरड्या गोळ्यासमोर नुसता बसून राहिला, कारण आम्ही नियमाला धरून होतो. आणि शेजारच्या मित्राने त्याची माती मळून द्यायला घेतली तर त्यालाही आम्ही अडवले. तिसऱ्या तासाला त्याच्या बाईंनी त्याला विचारले, “तुला काय करून देऊ?” तो म्हणाला, “फक्त दाबून द्या, आकार मी काढतो.” तेव्हापासून नियम बदलला: मुलाने सांगितल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि सांगितले तर सांगेल तेवढेच करायचे. हे ऐकायला सोपे आहे. पहिलीतली मुले मात्र सरसकट “बाई, तुम्हीच करा” म्हणतात, तेव्हा किती करायचे यावर आमच्यात अजून एकमत झालेले नाही.

आणखी एक चूक पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटाची. कामाची छायाचित्रे रोज टाकल्यामुळे घरोघरी तुलना सुरू झाली आणि दोन मुले घरी मोठ्या भावाकडून करून आणलेले बैल दप्तरातून घेऊन आली. दुसऱ्या वर्षी प्रदर्शनापर्यंत एकही छायाचित्र टाकले नाही.

उरलेली माती पत्र्याच्या पिंपात मागच्या व्हरांड्यात ठेवली होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती वाळून दगडासारखी झाली. शाळा उघडल्याच्या पहिल्या आठवड्यात तिच्यावर पाणी ओतायचे काम मुख्याध्यापिकांनी चौथीच्या मुलांकडे दिले आहे, आणि पाणी किती ओतायचे यावर त्यांची दरवर्षी भांडणे होतात.